चाचांच्या बांधातल्या सापसुरळ्या

बांध दुरुस्त करताना चाचा दगड हलवण्याआधी त्यावर हातोडीने दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. आत सापसुरळी असली, तर तिला निघायला वेळ मिळावा म्हणून. आमच्या पिंपरी पेंढारमधले कितीतरी बांध त्यांनी रचलेले. जुन्नरहून सायकलवर यायचे. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड.

नवी नवरी असताना मी एक सापसुरळी खराट्याने झोडपली होती. तिचं शेपूट तुटून एकटंच वळवळू लागलं, तेव्हा ही शूर बाई गव्हाणीवर चढून बोंबलत होती. चाचा बांधावरून धावत आले. "वैनी, उतरा खाली. इख न्हाई तिला. लोक उगाच सापाची मावशी म्हणत्यात. शेपूट तिचं तुटलं, आन् कालवा तुमी करताय व्हय?"

सकाळी कामाआधी ते उन्हाला बसायचे. तेल चोपडल्यासारख्या चकाकत्या सापसुरळ्या फटींतून बाहेर यायच्या. "ह्या हायत तवर बांध जिता हाय," म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे ते महिनाभर आले नाहीत. मी तेव्हा अवघी साठीची, अक्कल यायची होती. घरी पाहुणे येणार, विहिरीकडचा बांध गावठी दिसतो, म्हणून गवंडी बोलावून सगळ्या फटी सिमेंटने भरून घेतल्या. थंडीचे दिवस. सापसुरळ्या आत दडलेल्या, हे डोक्यातच आलं नाही. वर फोन करून मिरवलं, "चाचा, तुमचं काम पक्कं करून टाकलं बघा!"

दुसऱ्या दिवशी ते काळा चष्मा लावून रिक्षाने आले. बांधाला कान लावला. मग छिन्नी काढली.

"आवं चाचा, डोळ्यात धूळ जाईल!"

"जाऊ द्या. वैनी, घरात माणसं असताना दार चिणलं वो तुमी."

तीन दिवस ते सिमेंट फोडत होते. मी चहा ठेवायचे, तो तसाच गार व्हायचा. शेवटी आत सापडल्या, त्या सगळ्या मेलेल्या. चाचांनी त्या रुमालात गोळा केल्या, बाभळीखाली पुरल्या आणि निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोळे बरे झाले, पण त्यांनी पुन्हा कुणाचाच बांध रचला नाही. दोन वर्षांनी गेले.

आमच्या बांधाच्या फटी आता उघड्या आहेत, पण आत कुणी राहायला आलं नाही. येणार कुठून? आजूबाजूचे बांध जेसीबीने केव्हाच सपाट केले. मुलगा म्हणतो, "आई, आपला बी काढू. टोमॅटोच्या दोन सऱ्या वाढतील."

मी नको म्हणते. पण नुसत्या दगडांसाठी किती दिवस नको म्हणू?