कोल्हापूरच्या हवेतलं शून्य

इस्माईल मास्तर तापाने गेले, असा निरोप मुरगूडहून त्यांच्या भावाने आणला. आम्ही एकाच शाळेत होतो. ते पदार्थविज्ञान शिकवायचे, मी गणित. ऐकताक्षणी मनात आलं, ताप नेमका किती चढलाय हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं असणार! हसू आलं, आणि मग रडू आवरेना...

शाळेतले दोन थर्मामीटर, एक पाऱ्याचा, एक स्पिरिटचा, बर्फात जुळत. कोमट पाण्यात जुळत नसत. यातला खरा कोणता, या प्रश्नाने मास्तरांना पछाडलं. प्रत्येक द्रव आपल्या तऱ्हेने फुगतो. विरळ वायू मात्र कुठलाही घ्या, जवळजवळ सारखाच वागतो. म्हणून उष्णतेची पट्टी वायूवरूनच आखायची. त्यांनी काचेच्या फुग्यात कोल्हापूरची हवा कोरडी करून कोंडली. कागदावर बर्फातला दाब एक ठिपका, उकळत्या पाण्यातला दुसरा. दोन्हींतून रेघ ओढून खाली न्यायची. दाब जिथे संपेल ते खरं शून्य.

दरबारचे अधिकारी हा प्रयोग बघायला येणार होते. मास्तरांची नोकरी कायम होणं त्यावरच होतं. आणि नेमकं त्यांचं शून्य पुस्तकातल्यापेक्षा पाच-सहा अंश खाली निघालं.

"पुस्तकातला आकडा लिवा की! कोण बघतंय?" हेडमास्तर म्हणाले.

"मग हवा कशाला कोंडली?"

अधिकाऱ्यांना मास्तरांनी सरळ सांगितलं, "माझं कुठंतरी चुकलंय. कुठं, ते अजून ठावं न्हाय." अधिकारी उठून गेले. मला मास्तरांचा असा राग आला होता!

पुढे आम्ही पन्हाळ्यावर गेलो. चुलीवर डाळ काही केल्या शिजेना. मास्तर एकदम ओरडले, "अवं, उंचावर पाणी शंभराच्या आधीच उकळतंय! आपलं कोल्हापूर तरी कुठं समुद्राकाठी हाय?" कोल्हापूरच्या उकळत्या पाण्याला त्यांनी शंभर धरलं होतं. ते सुधारताच शून्य जागेवर आलं. डाळ तशीच कच्ची खाल्ली.

"आता दरबारात कळवा," मी म्हणालो.

"थांबा हो. त्या शून्यापाशी, एवढ्या गारठ्यात हवा हवाच राहंल व्हय? तिचं पाणी न्हाय का व्हायचं?" त्यांचं लक्ष केव्हाच पुढे गेलं होतं.

नोकरी कायम झालीच नाही. आता त्यांचे तास मीच घेतो. परवा वर्गात प्रयोग करताना माझा आकडा पुस्तकाशी जुळेना. मी आनंदाने शेजारच्या, त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे वळून म्हणालो, "मास्तर, हे बघा की!"

पोरं माझ्याकडे बघत राहिली.