कच्चं गाणं

स्टुडिओत तिला सगळे कच्च्या बाई म्हणत. मोठ्या गायिकेला सवड होईपर्यंत गाणं हिने कच्चं गाऊन ठेवायचं, तेही त्या गायिकेच्याच ढंगात, म्हणजे तिला नुसतं ऐकून उचलता यावं. पक्कं गाणं झालं की कच्चं पुसायचं. एकोणीस वर्षं हेच. कुणी नाकात गाणारी, कुणी शेवटचा सूर थरथरवणारी, कुणी नुसत्या श्वासांवर भागवणारी. सगळ्यांच्या लकबी हिच्या गळ्यात, स्वतःची म्हणाल तर एक नाही. आणि खरं सांगायचं तर तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

अडलं ते संगीतकार म्हणाला तेव्हा. "हे गाणं तुमचंच. पक्कं."

माइकसमोर उभं राहून तिने सवयीने विचारलं, "कुणासारखं गाऊ?"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसला. संगीतकार नाही हसला. "तुमच्यासारखं."

पहिली ओळ नाकातून आली. दुसऱ्या वेळी शेवटचा सूर थरथरला. दहाव्या वेळी संगीतकाराने हात जोडले. "बाई, सहा जणी येऊन गेल्या. तुम्ही कधी येताय? उद्या सकाळी शेवटचं बघू."

घरी पोचताच तिने आईला गाठलं. "लहानपणी मी कशी गायचे गं?"

"थेट रेडिओ. शेजारीपाजारी फसायचे," आई कौतुकाने म्हणाली.

ती मोरीत गेली, नळ सोडून रडली. रडणंही कुणाचं तरी ऐकलेलं वाटलं, तेव्हा नळ बंद केला.

सकाळीही जमलं नाही. दुपारी गाणं एका नव्या मुलीला गेलं, करारसुद्धा झाला.

"तिच्यासाठी कच्चं तेवढं गाऊन ठेवा," संगीतकार नजर चुकवत म्हणाला.

"ती कशी गाते?"

"कुणाला ठाऊक. पहिलंच गाणं आहे तिचं." आणि तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

नक्कल करायला कुणी नव्हतं. ती गायली. आवाज जाड निघाला, वरच्या सुराला खरखरला, आणि ती खरखर कुणाचीच नव्हती. रेकॉर्डिस्टने झटकन मान वर केली.

"हे पुसू नका," बाहेर येत ती म्हणाली.

"पुसावंच लागतं हो, बाई. मुलगी परवा येतेय."

"मग परवापर्यंत ऐकू द्या."

त्याने खुर्ची पुढे सरकवली. ती बसली आणि ऐकू लागली, आजवर दुसऱ्यांना ऐकलं होतं तशीच, एकेक जागा पाठ करत.