नळी पुसलेला फोटो

कीटकशास्त्र विभागात त्याला सगळे खोडरबर म्हणायचे, आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. टाचणीला टोचलेल्या भुंग्यांचे, माश्यांचे फोटो त्याच्याकडे यायचे. तो त्यांतली धूळ पुसायचा, टाचणी पुसायचा, मागे काळा रंग भरायचा, खाली मोजपट्टी लावायचा. विभागाने त्याला विकतचं सॉफ्टवेअर कधी घेऊन दिलं नाही. फुकट मिळतं ते उतरवून घेऊन तो धडपडत शिकला, तर साहेबलोक म्हणायला लागले, "याचं फुकटात भागतंय की!" भागत होतं खरं. पाठ मात्र त्याची मोडत होती.

एका बाबतीत तो भलताच कडक. किड्याचा पाय तुटका असेल तर तुटकाच दाखवायचा. एका संशोधक मुलीने एकदा डावा पाय उचलून, उलटा करून उजवीकडे चिकटवला, तेव्हा एरवी मूग गिळून बसणारा हा माणूस असा कडाडला की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. "जे नाही ते दाखवायचं नाही!" मुलगी रडवेली झाली. याला त्याचं काही वाटलं नाही.

घरी त्याच्या लेकीचा एकच फोटो होता. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ती महिनाभरसुद्धा टिकली नाही. नर्सने बायकोच्या फोनवर काढून दिलेला तो फोटो. नाकात नळी, आणि ती हलू नये म्हणून गालापासून ओठांवर आडवी चिकटपट्टी. पुढे फोन पाण्यात पडला. फोटो आधीच घरच्या कॉम्प्युटरवर घेतला होता म्हणून वाचला. बायकोला तो भिंतीवर लावायचा होता, पण नळीसकट तिला बघवत नव्हता.

"दिवसभर किड्यांच्या टाचण्या पुसतोस. माझ्या लेकीची एक नळी पुसवत नाही तुला?"

"टाचणीखाली काय आहे ते मला ठाऊक असतं गं. पट्टीखालचं मी कधी बघितलंच नाही."

"ती काय नमुना आहे तुझा?"

त्यानंतर ती कामापुरतंच बोलायची. ताट वाढायची आणि उठून जायची. घर खायला उठायचं. लेक गेली, आता बायकोही दुरावते की काय, या धास्तीने त्याने शेवटी हात टेकले.

एका रविवारी तो बसला. मोकळा गाल उचलला, उलटा केला आणि पट्टीच्या जागी बसवला. त्या संशोधक मुलीला ज्यावरून रडवलं होतं, तेच. नाकपुडीही तशीच. ओठ बायकोच्या लग्नातल्या फोटोतून घेतले, लहान केले, कडा मऊ केल्या. मग रोजच्या सवयीने जुन्या फाइलवरच नवी चढवली. विभागात तसं केल्याने काही बिघडत नसे. मूळ फोटो कॅमेऱ्याजवळच्या कॉम्प्युटरवर शाबूत असायचा.

फोटो भिंतीवर लागला. बायको पुन्हा बोलायला लागली, त्याच्याशी आणि फोटोशीही. एकदा तर हसलीसुद्धा. काही वर्षं बरी गेली. मग तिची मावशी आली आणि फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेली होती गं. ओठ तर तुझेच!"

मावशी गेल्यावर बायकोने विचारलं, "हे ओठ कुणाचे?"

त्याला खोटं बोलता येईना. "तुझे."

ती खालीच बसली. "म्हणजे एवढी वर्षं मी माझ्याशीच बोलत होते? तिला नर्स पट्टी लावत होती ना, तेव्हा डोकं मी धरलं होतं. तेवढाच तिला हात लावू दिला त्यांनी. ती पट्टी परत लाव."

त्याने कॉम्प्युटर उघडला. सगळीकडे शोधलं. मूळ फोटो कुठेच नव्हता. त्याने तिला सांगितलं.

"मग रंगव," ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "खोटी तर खोटी. पण नळी हवी मला."

त्याने ब्रश बारीक केला, पांढरा रंग घेतला आणि थांबला. "कुठल्या बाजूला होती?"

तिने दोन्ही हात पुढे धरले, इवलंसं डोकं धरल्यासारखे. एकदा डाव्या हाताकडे बघितलं, एकदा उजव्या. पडद्यावर दोन्ही गाल अगदी सारखे होते.

"तूच सांग," ती म्हणाली. "तू तर सगळं बारीक बघतोस."

त्याला आठवत नव्हतं.