आबासाहेबांचं निळं तीर्थ

चहा निवला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. अडाणी बाईच्या हातून झाली असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. मी पडले मराठी सातवी पास!

आमच्या पंचवटीत आबासाहेब म्हणून एक चित्रकार होऊन गेले. चित्रं काढायची आणि विचार करायचा, एवढेच त्यांचे दोन उद्योग. ते गेल्यावर त्यांच्या शिष्याने, एका ड्रॉइंगमास्तरांनी, त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय केलं. चष्मा, वह्या, ब्रश, बसायचा पाट, सगळं जिथल्या तिथे.

माझी शकू तेव्हा सात महिन्यांची. गर्भारपणी थोरामोठ्यांचं दर्शन घ्यावं म्हणतात. माझे ते दिवस सगळे ओकण्यात गेले. म्हटलं, राहिलेले संस्कार आता तरी उरकून घ्यावेत!

"वहिनी, ती अजून मुठी चोखते. तिला कसलं तत्त्वज्ञान?" वन्सं म्हणाल्या.

"कानांवरून तर जाईल!"

गेलो. दारात पाटी, 'पादत्राणे बाहेर ठेवावीत.' आत अंधारी खोली, गार फरशी, भिंतीवर आबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. पुढे पाट. पाटाशेजारी तांब्याचं फुलपात्र, त्यात पाणी आणि लहानशी पळी. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी उजवा तळहात पुढे केला, पळीभर घेतलं, डोळे मिटून प्यायले. वास जरा डिंकासारखा आला. म्हटलं, बरंच झालं, डिंक बाळंतिणीला चांगलाच! मग दोन थेंब शकूच्या तोंडात.

मागे त्र्यंबकेश्वर करून आलेल्या नांदगावकडच्या चार बायका उभ्या होत्या. त्यातली म्हातारी पुढे सरकली.

"आमाला बी द्या वो ताई, तीर्थ."

"अहो, मी इथली नाही..."

"पन शिकल्याली दिसता. तुमाला म्हाईत आसंल."

शिकलेली म्हटल्यावर माझी मान ताठ झाली ना! एकीला, दुसरीला, तिसरीला... मी पळी चालवतेय आणि त्या डोक्याला हात पुसताहेत. वन्संनीही घेतलं. फुलपात्र कोरडं ठक्क!

तेवढ्यात मागच्या अंगणात नुकतीच रंगवलेली पाटी वाळत ठेवून मास्तर आत आले.

"अहो, माझं ब्रश धुवायचं पाणी कुठं गेलं? रंग ढवळायची पळी तेवढी राहिलीय!"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

"प्यायलात?" मास्तर कपाळाला हात लावून पाटावर बसले. "आबासाहेब जन्मभर सांगत होते, बाबांनो, आधी नीट पाहा आणि मग हात जोडा!"

मला आबासाहेब कुठले सुचायला? "मास्तर, रंगात विष असतं ना हो? माझी पोर!" मी रडायलाच लागले. मनातल्या मनात सासूबाईंना तोंड दाखवण्यापर्यंत पोचलेसुद्धा.

"विष कसलं? नीळ आणि डिंक. कपड्यांना घालता तीच नीळ. ब्रशाला टोक काढायला मी तो तीस वर्षं जिभेवर फिरवतोय. हे बघा." आणि त्या भल्या माणसाने जीभ बाहेर काढली. निळीशार!

"तुम्ही मोठे आहात हो! हिचा जीव केवढासा!"

म्हातारीने शकूला माझ्या हातातून ओढून उजेडात नेलं, बोटाने तोंड उघडलं. "अगं बाय, जीभ तर गुलाबाची पाकळी हाय! पोरगी शानी, समदं तुमच्या खांद्यावर थुकलीया."

पाहते तर पोलक्यावर दोन निळे ठिपके. माझा जीव भांड्यात पडला. मी शकूला छातीशी धरलं, देवाचे आणि मास्तरांचे आभार मानले, पण बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. वन्सं तर भिंतीला टेकल्या.

"काय झालं?"

मास्तरांनी कपाटाचं कुलूप काढून एक आरसा माझ्यापुढे धरला. "ह्यात पाहून आबासाहेब स्वतःचं चित्र काढायचे. घ्या, पाहा."

पाहिलं. मागे हसणाऱ्यांची तोंडं निळसर, आणि माझे ओठ निळे, दात निळे, जीभ तर मास्तरांहून गडद!

मास्तर चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळत राहिले. मग हळहळून म्हणाले, "ताई, श्रीकृष्णाच्या चित्रासाठी आबासाहेब हाच निळा शोधत होते हो. जन्मभर नाही सापडला!"