खूण न ठेवणारी मावशी

आमच्या खोलीत पुस्तकात खूण ठेवायला बंदी होती. कागदाचा कपटा नाही, दोरा नाही, पानाचा कोपरा दुमडणं तर नाहीच नाही. आमच्यातली एक कायम घाईत असते, तिला आम्ही धांदल म्हणतो. तिने एकदा चुकून पुस्तकात मापाची टेप ठेवली, तर मावशीने ती दोन बोटांनी मेलेल्या पालीसारखी उचलली आणि धांदलीच्या मांडीवर टाकली.

खोली म्हणजे शर्टांच्या कारखान्याची मागची खोली. मशिनं पुढच्या हॉलमध्ये, आमच्याकडे सगळं हाताचं काम: बटणं लावायची, तुरपाई करायची, दोरे कापायचे. दोन सतरंज्या, एक उंच खिडकी आणि आम्ही सातजणी. मावशी आमच्यापैकी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण मालकसुद्धा तिला मावशीच म्हणत. सव्वीस वर्षं तिने हातकाजं केली, म्हणजे बटणांची काजं हाताने शिवली. तिचं काज उलट्या बाजूने पाहिलं तरी सुलटं कुठलं ते सांगता येत नसे. मग तिचे हात थरथरायला लागले आणि सुईत दोरा जाईना.

दुसरी कुणी असती तर रडली असती. मावशी एका सकाळी सुई डबीत ठेवून म्हणाली, "हात गेले गं माझे. डोळे आणि जीभ शाबूत आहे. मी वाचते, तुम्ही माझ्या वाटचं शिवा."

विनंती नव्हतीच ती. तिने ठरवलं होतं आणि आम्हाला कळवलं होतं. सहाजणींनी सातजणींचं काम करायचं, सातवीने वाचायचं. शर्ट तेवढेच निघत होते, त्यामुळे मालकांनी मान डोलावली. मावशीच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. ही खोली सुटली असती तर तिने दिवसभर करायचं काय, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

वाचायची मात्र छान. नाटकी आवाज नाही, हुंदके नाहीत. लाइटचं बिल वाचावं तसं वाचत जायची आणि नेमक्या ठिकाणी इतकी हळू व्हायची, की आमच्या सुया आपोआप थांबायच्या. संध्याकाळी पुस्तक थाडकन मिटायचं. सकाळी चष्मा लावून तिचा एकच प्रश्न: "काल कुठं होतो?"

आणि मग जुंपायची. आमच्यात दोघी सख्ख्या जावा आहेत. थोरली म्हणणार, ते घर सोडून निघाले तिथे. धाकटी म्हणणार, छे, घर कधीच सोडलं, आता ते बोटीत आहेत. घरात एकमेकींशी चार शब्द न बोलणाऱ्या या दोघी पुस्तकातल्या माणसांवरून तावातावाने भांडायच्या. धांदलीला फक्त कोण काय जेवलं ते आठवायचं. मी भांडखोर आहे, सगळे म्हणतात आणि खरंच म्हणतात, त्यामुळे मी सगळ्यांनाच चूक ठरवायची. मावशी शांतपणे ऐकून पानं मागे मागे उलटत जायची आणि आमच्यातल्या सगळ्यात कच्च्या बाईला जिथवरचं आठवत असेल तिथून पुन्हा सुरू करायची. एक पुस्तक असं आठ महिने चाललं.

मी एकदा तिला म्हटलं, "मावशी, एक चिठ्ठी घातली तर काय बिघडेल?"

"चिठ्ठी सांगेल मी कुठवर वाचलं ते," ती म्हणाली. "तुम्ही कुठवर ऐकलंत ते कोण सांगणार?"

गेल्या वर्षी मालकांनी कारखान्याचं काम सुनेच्या हाती दिलं. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. बाई हुशार, बोलायला गोड, आणि घड्याळावर जीव. आठवडाभर त्या रोज सकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मावशी, रोज पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांचे हात बंद असतात. वाचनाने नाही, भांडणाने. मला वाचन बंद करायचं नाहीये. पण एक महिना खूण ठेवून वाचा. वेळ वाचला तर वाचन चालू. भांडण चालूच राहिलं, तर मग मला वाचन थांबवावं लागेल."

वाचन थांबणं म्हणजे मावशी घरी. वहिनींनी ते तोंडाने म्हटलं नाही एवढंच. कॉलरमध्ये घालतात त्या बकरमची एक कडक पांढरी पट्टी त्यांनी स्वतः कापून आणली होती, कडा गोल करून. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आला होता. मावशी मात्र म्हणाली, "द्या इकडे. महिनाच ना?"

पट्टी घातली आणि खोली शहाण्यासारखी वागायला लागली. सकाळी मावशी पट्टीवर पुस्तक उघडायची आणि लगेच सुरू. कुणी भांडत नव्हतं. जावांचं बोलणं पुन्हा घरच्यासारखं बंद झालं. शर्ट भराभर निघत होते. तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती: दोन भाऊ, त्यांचा छापखाना, आणि दोघांच्या मध्ये सापडलेली बहीण. मला शपथेवर विचारा, दुसऱ्या आठवड्यात त्या बहिणीने काय केलं ते मला सांगता येणार नाही. आवाज कानावर पडत होता आणि मी मनात घरची कामं उरकत होते.

हे सिद्ध करायचंच असं मी ठरवलं. चौथ्या आठवड्यात एक दिवस सगळ्या डबा खायला बाहेर गेल्या, तेव्हा मी ती पट्टी उचलून तीस-पस्तीस पानं पुढे सरकवली. माझा डाव सोपा होता. कुणाच्याच लक्षात येणार नाही, मावशी तेवढी पहिल्याच ओळीला अडखळेल, म्हणेल "हे काय गं?", आणि मी वहिनींना बोलावून दाखवीन, की बघा तुमच्या पट्टीचा प्रताप.

मावशीने पुस्तक उघडलं. चष्मा सारखा केला. आणि न अडखळता वाचायला लागली.

जेवणापूर्वी थोरला भाऊ समेट करायला गाडीत बसला होता. आता त्याला जाऊन महिना झाला होता आणि बहीण छापखाना विकायला काढत होती. थोरला मेला आणि आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही की कसा मेला. पण बाकीच्यांचं जाऊ दे. मावशीला कळलं नाही? म्हणजे रोज सकाळी ती जे विचारायची, ते तिलाच आठवत नव्हतं म्हणून? हातांमागोमाग हेही गेलं की काय? मी हे कुणाला सांगितलं असतं तर पट्टी हरली असती, पण मावशीही हरली असती. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. चार दिवस ब्र काढला नाही.

पाचव्या दिवशी महिना भरला. वहिनी आल्या, खूश होत्या. "मावशी, जमलं की! आता हे असंच चालू ठेवू."

मावशीने पुस्तक मिटून वहिनींच्या हातात दिलं. पट्टी आतच होती. "ठेवा तुमच्याकडे. मी उद्यापासून येत नाही."

"अहो, पण का? मी वाचन चालू ठेवतेय ना!"

"चार दिवस झाले, कुणीतरी खूण पुढे सरकवली. एक अख्खा माणूस मधल्या मध्ये मेला. मला पहिल्या ओळीला कळलं. मी मुद्दाम तशीच वाचत राहिले. म्हटलं, आता कुणीतरी म्हणेल थांब. आता म्हणेल. चार दिवस." तिने चष्मा काढला. "भिंतींना वाचून दाखवायचं तर माझ्या घरी आहेत भिंती."

"मी सरकवली," मी म्हटलं. माझी मान वर होत नव्हती. "मला वाटलं, तुला कळलं नाही. म्हणून गप्प बसले."

"तू गप्प बसलीस?" मावशी म्हणाली. "तेच तर मला कळेना, की हिला झालंय काय!"

कुणीच हसलं नाही. मावशी पिशवी उचलायला वाकली आणि धाकटी जाऊ रडवेल्या आवाजात ओरडली, "मावशी, जाऊ नको. मला आठवतंय. बहिणीने दागिना परत केला, तिथवरचं मला सगळं आठवतंय!"

"दागिना नव्हे, पत्र परत केलं," थोरली म्हणाली.

"पत्र त्याआधी!"

"त्याआधी ती जेवली होती," धांदल म्हणाली.

झालं. सुया खाली पडल्या. मी दोघी जावांना चूक ठरवलं, त्या दोघी एक होऊन माझ्यावर धावल्या. शर्टांच्या ढिगाआडून पाचवी बोलली, मग सहावी. वहिनी पुस्तक हातात धरून आमच्या मधोमध उभ्या होत्या. आम्ही भांडत होतो त्या जागा शोधायला त्या पानं मागे उलटायला लागल्या. पट्टी गळून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पत्रच आहे. पण दागिना त्याच पानावर आहे." आणि उघडं पुस्तक त्यांनी मावशीपुढे धरलं.

ते पान महिन्याच्या अगदी सुरुवातीचं होतं. आमचं सगळ्यांचं ऐकणं तिथेच थांबलं होतं. मावशी बसली, आणि तिथून वाचायला लागली. त्या दिवशीचे शर्ट दुसऱ्या दिवशी गेले, गिऱ्हाइकाला फोन वहिनींनीच केला.

संध्याकाळी मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. वाटेत विचारलं, "मावशी, आजही कुणी बोललं नसतं तर खरंच गेली असतीस?"

"गेले असते," ती म्हणाली. चार पावलं चालली आणि म्हणाली, "पण दारातून हळू हळू गेले असते."