इंग्लंडचा पंखा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण मी त्रेसष्ट वर्षांची झाली, तीस वर्षं शाळेत पोट्टे हाकलले, आता मले कोणाले भ्यायचं आहे? तं आमचे आनंदराव. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत कोणालेही विचारा, उलटं करून पाहणारे काका कुठं राहतात, लगेच घर दाखवतील.

हातात कोणतीही वस्तू आली की हा माणूस ती वापरत नाही, आधी उलटी करते. बुडाशी कोणत्या देशाचं नाव आहे ते वाचते अन् मग तिची लायकी ठरवते. जर्मनी म्हणजे डोळे मिटून घ्यायचं. जपान म्हणजे नात्यातलं. इंग्लंड म्हणजे हात धुऊन हात लावायचा. चीन म्हटलं की नाक मुरडते. अन् आपल्या देशाचं असलं तं म्हणते, "ठीक आहे, पोट्ट्यायले खेळायले द्या." स्वतःचा मोबाइल चीनचा निघाला तेव्हा त्याले जाडं कव्हर घालून टाकलं. पाच वर्षं झाली, अजून काढलं नाही.

मले पाहायले आले तेव्हाची गोष्ट. मी चहा दिला. यायनं कप उचलला, डोक्याच्या वर धरला अन् खालून बूड वाचाले लागले. माझे बाबा घाबरले, त्यायले वाटलं पाहुण्याले फिट आली. कपावर काहीच लिहिलं नव्हतं. माझ्यावर तं काय लिहिलं राहणार, तरी होकार दिला. त्यायच्या जन्मातलं बिनबिल्ल्याचं सामान म्हणजे मी एकटी.

एकदा जरीपटक्याच्या बाजारातून जपानचा थर्मास आणला. सकाळी भरलेला चहा दहा वाजता तलावाच्या पाण्यासारखा थंड. मी म्हटलं, वापस करा. तं म्हणते, "थर्मासचा दोष नाही वं, आपली चहापत्ती बरोबर नाही." अन् संत्र्याचं काय सांगू. नागपुरात राहून हा माणूस मॉलमधून परदेशी संत्री आणते, एकेकावर स्टिकर चिकटवलेलं. म्हणते, यात बिया नाहीत. मी म्हटलं, चव बी नाही, तेवढीच फेकायची मेहनत वाचली.

हे सगळं वेड एका पंख्यापायी. टेबलावर ठेवायचा पंखा, काळा, वजनदार, दोन हातांनी उचलावा लागते. खाली पितळेचा बिल्ला आहे. वरच्या दोन ओळींवर काळा रंग लागलेला, अन् शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं, मेड इन इंग्लंड. माझे सासरे बळीराम, मी त्यायले मामाजी म्हणत होती, गिरणीत कामाले होते. पोट्ट्याले त्यायनं सांगून ठेवलं होतं, गिरणीच्या साहेबानं खूश होऊन दिला. आनंदराव तिसरीत होते तेव्हा त्यायचे मास्तर तो पंखा पाहायले घरी आले. मोहल्ल्यात पाय न ठेवणारा माणूस, पंख्यापुढं बसला अन् आमच्या घरचं पाणी प्यायला. त्या दिवसापासून हे इंग्लंडचे भक्त झाले. हे मी हसण्यावारी नेत नाही. आठ वर्षांच्या पोराच्या मनावर असं कोरलं जाते, ते काही पुसलं जात नाही.

साठ वर्षं झाली, पंखा चालू आहे. मे महिन्यात आम्ही सगळे कूलरपुढं बसतो, अन् हे एकटे आपल्या खुर्चीत पंखा स्वतःकडं करून बसतात. त्याचं तोंड कधी दुसऱ्याकडं फिरवलं नाही. पाहुणा आला तं त्याले बिल्ला दाखवतात, हवा देत नाहीत.

त्या पंख्याची एक गोष्ट मले माहीत होती. मामाजींनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली होती अन् वचन घेतलं होतं, आनंदाले सांगायचं नाही. चाळीस वर्षं मी ती पोटात ठेवली. ज्या बाईले घरातली साखर संपली हेही लपवता येत नाही, तिनं.

आता भावनाचं. भावना आमची एकुलती एक पोरगी, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. बत्तीस वर्षांची झाली. तिथंच मशिनी दुरुस्त करणारा रोशन तिले आवडला, अन् एका रविवारी ती त्याले घरी घेऊन आली. पोरगा सावळा, शांत, नखं साफ कापलेली. मी कांदेपोहे केले. यायनं आधी त्याची परीक्षा घेतली. विचारलं, "दवाखान्यातल्या मशिनी कुठल्या असतात?"

तो म्हणाला, "काका, वर लिहिलेलं राहते जर्मनी. उघडली की मोटर एका देशाची, वायर दुसऱ्याची, स्क्रू तिसऱ्याचे. ज्यानं शेवटचा स्क्रू फिरवला त्याचं नाव लागते."

आनंदरावांच्या घशात पोहे अडकले. पाणी पिऊन त्यायनं पंखा दाखवला. रोशननं वाकून पाहिला, पात्यांवरून बोट फिरवलं, बिल्ला चाचपला. म्हणाला, "मस्त चालते, काका." बस, एवढंच.

मग आला खरा सवाल. "गाव कोणतं तुझं? वडील काय करतात?"

"माहीत नाही, काका. मी बालगृहात वाढलो. आडनाव तिथल्या सरांचं लावलं."

यायनं पोह्यांची बशी खाली ठेवली. खुर्ची जराशी मागं सरकवली. पोरानं ते पाहिलं, मीही पाहिलं. चहा संपवून तो नमस्कार करून गेला.

तो फाटकाबाहेर पडला तसं हे म्हणाले, "ज्या मालावर काहीच लिहिलं नाही, तो मी घरात घेत नाही. माय कोण, बाप कोण, काही ठावठिकाणा नाही. उद्या काय निघन, कोणाले माहीत."

भावना स्वयंपाकघरात आली, ओट्याले टेकून उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "आई, बाबा नाही म्हणत असतील तं मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कोणाशी लग्नही करणार नाही. मले त्यायले दुखवायचं नाही अन् रोशनलेही नाही." बत्तीस वर्षांची पोरगी, बापाच्या एका होकारासाठी भांडे विसळत उभी. माझं डोकं फिरलं.

कढईतला उलथायचा सराटा हातात होता, तोच घेऊन मी बैठकीत गेली अन् पंखा आडवा पाडला. हे ओरडले, "काय करून राहिली वं?" मी सराट्याच्या टोकानं बिल्ल्यावरचा काळा रंग खरवडला. वरच्या दोन ओळी निघाल्या. म्हटलं, "वाचा आता. शेवटची ओळ पाठ आहे तुम्हाले, पहिल्या दोन वाचा."

त्यायनं चष्मा लावला. कापूस पिंजायचं मशीन, असं इंग्रजीत लिहिलं होतं, अन् मशीनचा नंबर.

"गिरणीच्या भंगारातला बिल्ला आहे तो," मी म्हटलं. "पंखा तुमच्या बाबांनी बनवला. जुनी मोटर आणून तार स्वतः गुंडाळली, पाती पत्र्यातून कातरीनं कापली. असे पंखे बनवून ते लकडगंजच्या बाजारात नेत होते. लोक चालवून पाहत, खूश होत, अन् मग विचारत, कोणी बनवला? कुठला तू? मामाजी खरं सांगत. धम्मदीक्षा घेतलेला माणूस, खोटं कायले बोलणार. ऐकलं की लोक मागं सरकत. मग त्यायनं एका पंख्याले बिल्ला लावला. तेच लोक पैसे घेऊन दारात उभे राहिले. अकरा पंखे विकले त्यायनं, सगळे इंग्लंडचे. बारावा तुमच्यासाठी ठेवला."

हे चष्मा काढून पुसत राहिले.

मले थांबायले पाहिजे होतं, पण चाळीस वर्षांचं साचलेलं होतं. म्हटलं, "तुमचे मास्तर तुमच्या बापाच्या हातच्या हवेत बसून पाणी पिऊन गेले. अन् आज तुम्ही त्या पोराले विचारलं, कुठला तू? अन् खुर्ची मागं घेतली."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण ताट उलटं करून पाहिलं नाही. पंखा आडवाच पडून होता. मीही उचलला नाही. खरं सांगू, मले भ्या वाटत होतं. म्हाताऱ्याजवळ आयुष्यभराचा एकच अभिमान होता, तो मी सराट्यानं खरवडला होता. बुधवारी मी म्हटलं, चुकलं माझं, असं सांगायले नको होतं. तं म्हणे, "बाबांनी मले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुमची शाळेतली इज्जत जाऊ नये म्हणून." मग हे रडले. बेचाळीस वर्षांत मी त्यायले रडताना पाहिलं नव्हतं, तं मीही रडली.

पुढच्या रविवारी त्यायनं स्वतःच भावनाले सांगितलं, "त्याले बोलाव. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये म्हणा."

रोशन आला. मी त्याले दारातच गाठलं अन् हळूच विचारलं, "बेटा, मागच्या वेळी तू बिल्ला चाचपला. तुले समजलं होतं ना?"

"हो, काकू. रंगाखालची अक्षरं बोटाले लागतात. अन् पाती हातानं कापलेली आहेत."

"मग बोलला काहून नाही?"

त्यानं खांदे उडवले. "पंखा चांगला आहे ना, काकू. साठ वर्षं चालून राहिला."

आनंदरावांनी आतून ऐकलं असावं, कारण ते उठून आले. स्क्रू-ड्रायव्हर मागितला, खाली बसून चारही स्क्रू स्वतः काढले अन् बिल्ला बाजूले ठेवला. पंख्याच्या बुडाशी चार भोकं राहिली. रोशन म्हणाला, "काका, आजोबांच्या नावाचा नवा बिल्ला बनवून देऊ का? माझा एक मित्र करते."

यायनं त्या चार भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू दे. चांगला आहे तं आहे."

त्यायनं पंखा उचलून टेबलावर ठेवला, बटण दाबलं अन् त्याचं तोंड रोशनकडं फिरवलं. आपली खुर्चीही तिकडंच ओढली. मग भावनाले हाक मारली, "चहा आण वं, जावयाले." मी कूलरही लावायचं विसरली होती, घामानं पदर भिजून गेला, पण तिथून हलली नाही.