अर्ध्या तंबूची रात्र

माझा भाचा लिफ्ट दुरुस्त करतो. उंची अशी की लहानपणापासून सगळे त्याला लंबूच म्हणतात. त्याचा कामावरचा जोडीदार ठेंगू. दोघं शेजारी उभे राहिले की शिडी आणि स्टूल! एकोणीस वर्षांची जोडी. लंबूच्या लग्नात सगळ्यांत जास्त रडला तो ठेंगू. मी म्हटलंसुद्धा, "अरे, सासरी नवरी चाललीय, तू कशाला डोळे पुसतोस?"

कामाची त्यांची एक पद्धत होती. नटबोल्टचे पाने एकाच्या पिशवीत, मीटर दुसऱ्याच्या. कंपनीचा नियम नाही हो, यांचाच. एकट्याने कुणी शहाणपणा करून लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला नको म्हणून. वर्षातून एकदा दोघं डोंगरावर एक रात्र राहायला जायचे, तिथेही तेच. तंबूचं कापड लंबूकडे, काठ्या ठेंगूकडे. शेगडी याच्याकडे, गॅस त्याच्याकडे. आठवडाभर लोकांना न चालता वर पोचवायचं आणि सुट्टीत स्वतः धापा टाकत चढायचं, म्हणजे कमालच.

यंदा कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली. जागा एक आणि हे दोन. दोघांनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून ठरवलं की बोलावलं तर बरोबर जायचं आणि दोघांनीही नाही म्हणायचं. जोडी फोडायची नाही. हातावर हात मारले. मी म्हटलं, "कॉलेजातली पोरं का रे तुम्ही?" पण खरं सांगते, मनातून बरं वाटलं.

डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी ठेंगू माझ्याकडे आला तो लंगडतच. लंबूचं डोंगराचं सामान माझ्याच माळ्यावर असायचं, ते तो भरत होता.

"मावशी, गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चढ बंद."

"मग पुढच्या आठवड्यात जाऊ," लंबू म्हणाला.

"छे! तू जा. माझ्यामुळे कशाला खोळंबा?"

मी बाई भाबडी. त्याला खुर्चीत बसवलं, तासभर मलम चोळलं. उजव्या गुडघ्याला. "आई गं" म्हणून इतका सुंदर विव्हळला, नाटकात घ्यायला हवा होता. जाताना डावा पाय ओढत गेला. मला वाटलं, दुखणं दुसऱ्या पायात उतरलं असेल. बघा माझी अक्कल!

लंबू दुसऱ्या दिवशी एकटाच चढला. कधी नाही ते वाटभर तोंड मिटून. सूर्य कलताना माथ्यावर पोचला, पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. कापड आहे, काठ्या नाहीत. शेगडी आहे, गॅस नाही. एकोणीस वर्षांच्या सवयीने गड्याने आपला अर्धाच संसार उचलून आणला होता!

तिथे तो एकटाच खदाखदा हसला. ही गंमत ठेंगूला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडणार होय? एका खडकावर चढून, हात उंच करून कशीबशी रेंज मिळवली. फोन ठेंगूच्या बायकोने घेतला.

"भावजी! हे आंघोळीला गेलेत. कशी झाली तुमची मुलाखत?"

"कसली मुलाखत?"

"चेष्टा करता का? सुपरवायझरची. साहेबांनी तुम्हा दोघांना बोलावलं होतं ना? हेच तर म्हणाले, गुरुवारी निरोप आला, तुम्हालाही सांगितलाय म्हणून. यांची तर मस्त झाली. आल्यापासून शिट्ट्या मारतायत."

लंबू म्हणतो, तेव्हा त्याला आधी राग आलाच नाही. आपणच तारीख विसरलो की काय, असं वाटलं. इतका विश्वास! मग मागून ठेंगूचा आवाज आला, "कोण गं?" आणि फोन त्याच्या हातात गेला.



"गुडघा कसा आहे?" लंबूने विचारलं.

"ऐक ना, तुला खुर्चीत बसणं जमलं नसतं रे. तूच म्हणायचास."

"मी विचारलं, गुडघा कसा आहे?"

"...बरा आहे."

"हं," म्हणून लंबूने फोन ठेवला. रात्रभर ते तंबूचं कापड गोधडीसारखं अंगाभोवती गुंडाळून बसून राहिला. वर कोरडी बिस्किटं. झोप कुठली यायला?

रविवारी माझ्या दारात उभा राहिला तेव्हा ओठ फुटलेले, डोळे लाल. मी चेष्टा करणार होते, पण आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने सगळं सांगितलं, तेही गुडघ्याकडे बघत, स्वतःच्या. शेवटी म्हणाला, "मावशी, जागा हवी होती तर मागायची होती गं. मी दिली असती."

मला तर त्या मलमाचाच राग आला होता. मी म्हटलं, "उद्या जा आणि साहेबांना सगळं सांग. मुलाखत दे तूही."

सोमवारी तो गेला खरा, पण मुलाखतीचं नावच काढलं नाही. साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला: मला दुसरा जोडीदार द्यावा.

साहेब हसले. "अरे, वेडा का तू? मुलाखतीला फिरकला नाहीस आणि आता हे? उद्या त्याच्या बढतीचं पत्र निघतंय. जोडीदार तसाही बदलणारच आहे तुझा."

"माहीत आहे, साहेब. म्हणूनच आज आलो. अर्जावर आजची तारीख टाकून सही करा."

"त्याने काय फरक पडतो?"

"जोडी त्याने सोडली नाही, मी सोडली. एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे."

साहेबांनी खांदे उडवले आणि सही केली. लंबूने त्या कागदाची प्रत मागून घेतली, चार घड्या करून खिशात घातली, आणि दाराबाहेर बाकावर बसलेल्या ठेंगूकडे न बघता जिना उतरून गेला. सात मजले. लिफ्ट चालू होती.